रानात उतरणारं माहेर

"अठ्ठावन्न वर्षांपूर्वीचा ताप शोधायला एवढ्या लांब जायचं?" निघताना सासूबाईंनी विचारलं. "मला परवापासून कणकण आहे, ती घरात कुणी शोधत नाही."

त्यांचं काही चुकत नव्हतं, पण नोकरी ती नोकरी. पुण्यातल्या आमच्या संस्थेनं मानमोडीचा अभ्यास हाती घेतला होता. मानमोडी म्हणजे पहिलं महायुद्ध संपता संपता जगभर पसरलेला इन्फ्लुएंझा. आपल्याकडे घरंच्या घरं त्यात गेली. किती माणसं गेली याचे आकडे सरकारी कागदांत होते, खरे-खोटे देव जाणे. आमच्या डॉक्टरसाहेबांना हवं होतं ते वेगळंच. माणसं गेल्यावर शेतात कामाला कोण उभं राहिलं? पोरक्या पोरांना कुणी सांभाळलं? गावाचा गाडा पुढं कसा चालला? हे सांगणारी माणसं आता सत्तरीला आलेली. "अजून थोडी वर्षं थांबलो तर विचारायलाही कुणी उरणार नाही," असं म्हणून साहेबांनी मला सातारा-सांगलीला धाडलं. थंडीचे दिवस होते. मी शाल घेतली, थर्मास घेतला आणि सासूबाईंना सुंठीचा काढा करून देऊन निघाले.

सातारा

सोबतीला जीप आणि जीपबरोबर निकम. निकम साताऱ्याच्याच एका खेड्यातले, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मिशा अजून नोकरीत असल्यासारख्या. कशालाही त्यांचं उत्तर एकच, "फिकर नॉट, बाईसाहेब." माझा स्वभाव फिकर करण्याचाच, त्यामुळे आमचं छान जमलं.

पहिल्याच गावात घोळ झाला. जीप होती सरकारी, दारावर आरोग्य खात्याची अक्षरं. आणि वर्ष आणीबाणीचं. नसबंदीवाल्यांची अशी धास्ती बसलेली की जीप वेशीत शिरली आणि पारावरचे सगळे बाप्ये धोतरं सावरत बघता बघता उसात गडप! पारावर उरला एक म्हातारा, तोही गुडघे धरले म्हणून.

"आवं बाबा, पळताय कशाला?" निकम ओरडले. "आमास्नी फकस्त म्हाताऱ्यांकडं काम हाय!"

म्हाताऱ्यानं कपाळाला हात लावला. "म्हंजे आता म्हाताऱ्यास्नी बी सोडत न्हाई व्हय?"

निकम स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत सुटले. मग खाली उतरून त्यांनी ओढ्यातला चिखल आणला आणि दारावरची अक्षरं झकास लिंपून टाकली. पुढचा सगळा दौरा आम्ही त्या चिखलमाख्या जीपमधूनच केला.

म्हातारा मात्र खुलला. मानमोडी आली तेव्हा तो आठ-नऊ वर्षांचा. त्याच्या आळीतली तरणी माणसं पलटणीत गेलेली, काही रजेवर आली ती ताप घेऊनच. "तिरडीला चौघं मिळंनात," तो म्हणाला. "बायांनी खांदा दिला. आन पेरायचं दीस आलं तवा पाभर कोण धरणार? माझ्या आयनं धरली." पाभर म्हणजे पेरणीचं अवजार. बाईमाणसानं त्याला हात लावायचा नाही अशी तिकडची रीत. "तवापासनं आमच्या आळीत बाया पाभर धरत्यात. पावनी सून येती, ती हासती. दुसऱ्या सालाला तीच धरती."

हे ऐकून मला इतका आनंद झाला की मी त्याच्या सुनेनं पुढं केलेली तिसरी भाकरीही खाल्ली. वर खर्डा आणि कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत. आमच्या पुण्यात पाहुण्याला "जेवूनच आला असाल" असं म्हणतात. इथं जेवून आलात तरी बसवतात.

आष्ट्याच्या अलीकडे

साताऱ्याहून खाली उतरून इस्लामपूर ओलांडलं की डोळ्यांना दुसरं काही दिसतच नाही. ऊस. डावीकडे ऊस, उजवीकडे ऊस आणि मध्ये रस्त्यावर कारखान्याला निघालेल्या बैलगाड्यांतूनही ऊसच. अशा गाड्यांच्या रांगेमागं आमची जीप बैलांच्या चालीनं चालली होती. निकमांनी एका गाडीवानाकडून ऊस मागून घेतला आणि आम्ही दोघं सोलत, चोखत आष्ट्याजवळच्या एका गावात पोचलो.

तिथल्या सरपंचांनी सांगितलं, "तानुआक्काकडं जावा. मानमोडीचं तिच्याएवढं कोन सांगनार न्हाई."

तानुआक्का म्हणजे अडुसष्ट-सत्तरची, बुटकी, गोरी, कपाळभर कुंकू लावलेली आणि जिभेनं माझ्याहूनही तिखट बाई. घर बागाईतदाराचं. नवी माडी, रेडिओ, गोठ्यात म्हशी. नवरा खाटेवर पडून बातम्या ऐकत होता. मुलगा शामराव, पंचेचाळिशीचा, शांत, जरा संकोची. सून हौसा. तिनं चहा दिला तो नुसत्या दुधाचा. पाण्याचा थेंब घातलेला कळला असता तर तिला लाज वाटली असती. आमच्याकडे दुधाचा थेंब जास्त पडला तर वाटते.

मी नेहमीचा प्रश्न विचारला. "माहेरचं कोण कोण गेलं त्या तापात?"

"समदीच," आक्का म्हणाली. "आय, बा, दोन भाऊ, धाकली भन. मी लगीन होऊन हितं सासरी, धा वर्साची. म्हून ऱ्हायले."

"म्हणजे माहेर असं राहिलंच नाही."

ती एकदम उसळली. "ऱ्हायलं न्हाई कसं? हाय की! दरसाली येतंय की!"

"येतं?"

"चालत."

मी निकमांकडे पाहिलं. निकमांनी हौसाकडे पाहिलं. हौसा पदर तोंडाला लावून हसत होती.

मग आक्कानं सांगितलं. पूर्वेच्या कोरड्या मुलखातले धनगर दिवाळी झाली की मेंढरं घेऊन नदीकाठाला उतरतात. शेतकरी त्यांची मेंढरं आपल्या रानात बसवतात, रानाला खत मिळतं, धनगरांना धान्य मिळतं. उघड्या रानातल्या त्या मुक्कामाला ते वाडा म्हणतात. मानमोडीच्या साली असाच एक वाडा यांच्या रानात उतरला. वाटेत त्यांना आक्काच्या माहेरचं गाव लागलं होतं. घराला कडी होती आणि कडी उघडायला कुणी नव्हतं. वाड्याच्या म्हाताऱ्यानं ही बातमी आणली. दहा वर्षांची तानू ती ऐकून रानातच बसली, घरात येईना. घरात तरी कोण होतं? सासरा गेलेला, सासू आणि दीर तापात, नवरा म्हणजे बारा वर्षांचं पोर. जोंधळा रानात उभा आणि कापायला माणूस नाही.

"धनगरनीनं मला चुलीपाशी वढलं. घोंगडं घातलं," आक्का म्हणाली. "चार-पाच दीस मी त्यांच्यातच. तवर त्या लोकांनी आमचा समदा जोंधळा कापला, मळला, घरात आनून टाकला. सासू उठली तवा कणगी भरलेली. मग म्हातारा तिला म्हनला, पोरीचं म्हायेर आता ह्यो वाडा. दरसाली आमी रानात उतरलो की पोरगी चार दीस आमच्याकडं. सासू काय बोलनार?"

तेव्हापासून दर वर्षी वाडा उतरला की आक्का बोचकं बांधून माहेरी जाते. माहेर कुठं? घराच्या मागच्या दारातून हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर, तिच्या नवऱ्याच्याच रानात!

"आन काय सांगू बाई," हौसाला राहवेना. "म्हायेरी असल्या की घराकडं बघायच्या बी न्हाईत. मी हिरीवर पान्याला चालले की मला हाक मारून इचारनार, काय गं हौसा, बरं हाय का तुमच्याकडं समदं? पावसापान्याचं कसं हाय?"

आक्का रागानं म्हणाली, "मग? म्हायेरवाशिणीनं इचारू न्हाई व्हय?"

मी पोट धरून हसले.

मग कळलं की दुष्काळापासून वाडा आलेलाच नाही. चार वर्षं झाली. त्या म्हाताऱ्याचा मुलगा बिरू, आक्काचा मानलेला भाऊ, आता वाड्याचा कर्ता. त्याचा निरोप नाही की पत्ता नाही. आणि वाडा उतरायचा ते रान म्हणजे या घरचा शेवटचा कोरडवाहू तुकडा. बाकी सगळ्यात ऊस. यंदा उपसा योजनेचं पाणी त्या तुकड्यालाही आलं होतं.

शामरावनं मला बाजूला घेऊन रान दाखवलं. पडीक, तणानं भरलेलं, चहूबाजूंनी उसाच्या भिंती. "बाई, तुमी शिकल्यालं माणूस. आयेला तुमीच सांगा," तो म्हणाला. "चार वर्सं मी ह्ये रान मोकळं ठेवलंय. गावात लोक हासत्यात. मामा यायचा असता तर आला असता की. आमुशापातूर थांबतो असं आयेला म्हनलोय. तवर मामा आला तर ह्या साली बी रान ठेवतो. न्हाई तर सऱ्या पाडून उसाची लागण." मुलगा वाईट नव्हता. त्याच्या जागी मी असते तर चार वर्षं थांबले असते की नाही, कोण जाणे.

आक्काला मी काहीच सांगितलं नाही. जीपपाशी तिनंच मला गाठलं. "फुडं कुठं जानार?"

"आटपाडीकडं."

तिचे डोळे लकाकले. वाडीचं नाव तिनं सांगितलं आणि म्हणाली, "बिराला म्हनावं, रान अजून मोकळं हाय. पर आमुशापातूरच. आन म्हनावं, तुझी आक्का आता म्हातारी झालीया, लय वाट बघवत न्हाई."

आटपाडीच्या माळावर

सांगलीत एक मुक्काम केला, भडंगाचा मोठा पुडा घेतला आणि पूर्वेला निघालो. जसजसं पुढं जावं तसतसा ऊस मागं राहिला, मग विहिरी मागं राहिल्या, मग झाडंही. उरला तो माळ, बोरी-बाभळी आणि आमच्या रेडिएटरमधून निघणारी वाफ. जिल्हा तोच, पण निकमांना पाणी मागायला दोनदा वस्तीवर जावं लागलं, आणि दोन्ही वेळा लोकांनी आधी आम्हाला प्यायला दिलं, मग जीपला.

वाडी सापडली. दारातल्या कुत्र्यानं माझ्या शालीचा एक कोपरा स्वतःकडे ठेवून घेतला, तेवढ्यात घरातून एक उंच, वाळका, लाल पागोट्याचा माणूस बाहेर आला. हाच बिरू. या दिवसांत धनगर घरी म्हणजे काहीतरी बिनसलेलं, एवढं मलाही कळत होतं.

त्याच्या सुनेनं हुलग्याचं माडगं दिलं. ऊन-ऊन, तिखट, लसणाचं. मी घाईनं प्यायले आणि जीभ पोळून घेतली. बिरूआबा गालात हसला. मी आक्काचा निरोप सांगितला आणि त्याचं हसू गेलं.

"रान मोकळं ठेवलंय?" त्यानं परत विचारलं. "अजून?"

"अमावास्येपर्यंत. नंतर ऊस लावणार आहेत. तुम्ही गेला का नाहीत इतकी वर्षं?"

त्यानं कुडाकडे बोट दाखवलं. आत मोजकीच मेंढरं होती. दुष्काळात चाऱ्यापायी कळप विकला. घरची सगळी दुष्काळी कामावर खडी फोडायला. आता पुन्हा थोडं थोडं जमवत होते. "एवढ्याशा मेंढरांनी रान बसतंय व्हय, बाई? काय तोंड घिऊन जाऊ? लोक आक्काला म्हनतील, तुझं म्हायेर भिकंला लागलं. तिच्या सासरी तिची मान खाली जाईल."

मला संताप आला. खरंच आला. "अहो, ती बाई तुमची वाट बघतेय, लेंडीखताची नाही! तिथं ती म्हातारी रोज वाटेकडं बघते आणि तुम्ही इथं मान-अपमान धरून बसलात?"

निकम हळूच म्हणाले, "बाईसाहेब, जरा आस्ते."

बिरूआबानं माडग्याचं भांडं बाजूला सारलं. मग म्हणाला, "त्या साली आमची थोरली भन वाटंतच गेली. मानमोडीनंच. वढ्याकाठी पुरली आन फुडं चाललो, मेंढरं थांबत न्हाईत. आय बोलायचीच बंद झाली. खाईना, रडंना. मी सा वर्साचा, मला वाटलं ही बी जानार. मग तुमच्या त्या आष्ट्याच्या रानात ही पोरगी येऊन बसली. आयनं तिला भाकरी करून घातली. ती खाईना, तर आय तिला रागं भरली. लय दिसांनी आयचा आवाज ऐकला मी." त्यानं पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. "आक्काला वाटतंय आमी तिला संबाळलं."

अमावास्या परवावर आली होती. मी म्हटलं, मेंढरं राहू देत, तुम्ही तरी जीपमध्ये बसा. तो तयार झाला, पण बहिणीकडे रिकाम्या हातानं जायला नाही. एक दुभती मेंढी आणि तिचं कोकरू जीपमध्ये चढलं. निकम म्हणाले, "फौजेत खेचरं नेली, तोफा नेल्या. मेंढरू पैल्यांदाच." मेंढीनं सांगली येईपर्यंत माझं भडंग कागदासकट संपवलं.

पुन्हा आष्ट्याकडं

अमावास्येला एक दिवस बाकी असतानाच दुपारी आम्ही पोचलो. मी तर मनातून फुशारले होते. जीप थेट रानाच्या बांधाला लावली.

रान नव्हतं. म्हणजे होतं, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत सऱ्या पाडलेल्या. बायका सरीत उसाचं बेणं मांडत होत्या आणि पाटातून पाणी सुटलं होतं.

शामराव पाटावर खोरं घेऊन उभा होता. मामाला बघून त्याच्या हातातलं खोरं गळून पडलं. "मामा... टॅक्टरवाला म्हनला आजच हाय, मग म्हैनाभर न्हाई. मला वाटलं, एका दिसानं काय हुतंय. तुमी येताय असं कुनालाच..."

बिरूआबा बांधावर कोकरू काखेत धरून तसाच उभा राहिला.

तेवढ्यात आक्का आली. कुणीतरी सांगितलं असणार. धावत आली, या वयात, अनवाणी. भावाच्या गळ्यात पडली, त्याचं तोंड दोन्ही हातांनी कुरवाळलं, "किती वाळलास रं बिरा" म्हणाली. मग वळून रानाकडे पाहिलं. सकाळपासून ट्रॅक्टरचा आवाज तिनं ऐकला असणारच, पण तिनं इकडे पाऊल टाकलं नव्हतं.

"शाम्या," ती म्हणाली, "माझं म्हायेर नांगरलंस रं."

शामराव रडला. चारचौघांत, बायका बघत असताना. "आये, बेणं उपटतो. आत्ता उपटतो," म्हणून तो सरीत उतरला. बिरूआबानं त्याचा दंड धरला. "खुळा का काय? लावल्यालं बेणं उपटायचं नसतंय, गड्या."

"मग मामा, घरात चला. माडीवरची खोली देतो. चार दीस न्हाई, म्हैनाभर ऱ्हावा. आये बी तिथंच ऱ्हाईल."

"सासरच्या माडीवर म्हायेर कसं बसंल रं?" आक्का म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. मला तर बांधावरून कुठंतरी निघून जावंसं वाटलं. एवढा घाम गाळून आम्ही भाऊ आणला तो काय हे बघायला?

बिरूआबानं कोकरू खाली सोडलं. "आक्का," तो म्हणाला, "तू आमच्या वाडीला कवा आलीच न्हाईस."

"बोलावलंस कवा?"

"बोलवायचं कशाला? आमीच येत हुतो."

आक्का त्याच्याकडे बघत राहिली. एवढ्या वर्षांत हे तिच्या मनात आलंच नव्हतं, दिसत होतं. माहेर येतं, आपण जात नाही, एवढंच तिला ठाऊक. "लांब हाय?" तिनं विचारलं.

बिरूआबानं माझ्याकडे पाहिलं. आक्कानं माझ्याकडे पाहिलं. मला परवा पुण्यात हजर व्हायचं होतं, साहेब वाट बघत होते, सासूबाईंची कणकण होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात मागं जीप वळवल्याचा आवाज आला. "फिकर नॉट, बाईसाहेब," निकम म्हणाले. "पानी भरून घेतलंय."

मग हौसाची जी धावपळ उडाली! तासाभरात तिनं धपाटी थापली, शेंगदाण्याची चटणी कुटली, आक्काचं इरकली लुगडं काढलं, वाडीच्या सुनेसाठी साडी-चोळी बांधली, तेल-वेणी करून सासूला ओवाळलं. सरीतल्या बायका हात धुऊन आल्या, त्यांनी ओटी भरली. म्हातारा नवरा रेडिओ बंद करून दारात आला आणि म्हणाला, "जपून जा." आक्का लाजली. अडुसष्टाव्या वर्षी, देवाशपथ, लाजली.

ती जीपमध्ये बसली, भावाशेजारी. बोचकं मांडीवर. शामराव एका हातात मेंढीची दोरी धरून दुसऱ्या हातानं जीपचं दार सोडीना.

"आये," तो म्हणाला, "परत कवा येनार?"

आक्कानं पदर डोक्यावरून नीट केला आणि समोर रस्त्याकडे बघत म्हणाली, "त्ये आता माझ्या हातात न्हाई बाबा. भाऊ धाडंल तवा."